कापडाच्या मागच्या बाजूचा रंग

क्योतोच्या इतो जाकुचूने रंगवलेल्या पांढऱ्या फिनिक्सच्या पिसांत सोनं नाही. चित्रासमोर उभं राहिलं की हे पटत नाही. पाइनच्या जुनाट खोडावर हा काल्पनिक पक्षी एका पायावर तोल सांभाळून उभा आहे, पंख उघडलेले आहेत, आणि पांढऱ्या पिसांच्या लेसमधून आतून कुठूनतरी सोनेरी उजेड झिरपतो आहे. जपानी चित्रकलेत सोन्याचा वर्ख आणि सोन्याची पूड सढळ हाताने वापरत, त्यामुळे इथेही ती असणार असं कुणालाही वाटेल.

1999 ते 2004 या काळात या चित्राची आणि त्याच्या सोबतच्या इतर चित्रांची मोठी डागडुजी झाली. जुनं कागदी अस्तर काढलं, रेशमाची पाठ उघडी पडली आणि रंगांची शास्त्रीय तपासणी झाली. त्या पिसांत सोन्याचा अंशही सापडला नाही. निघाली ती पिवळी माती, आपल्याकडची पिवडी. जाकुचूने ती रेशमाच्या मागच्या बाजूने लावली होती. पुढच्या बाजूने शिंपल्यांच्या पांढऱ्या रंगाच्या केसासारख्या बारीक रेघा होत्या, आणि सगळ्यांच्या मागे गडद रंगाचं अस्तर. पांढऱ्या रेघांच्या फटींतून पिवळा दिसतो, पिवळ्याच्या मागचा काळोख त्याला दाबून धरतो, आणि या तिघांच्या मेळातून डोळ्याला सोनं दिसतं.

पातळ साडी नेसली की आतल्या परकराचा रंग साडीवर उतरतो, हे कुठल्याही घरात ठाऊक असतं. जपानी चित्रकारांनी या साध्या गोष्टीचं शास्त्र केलं. त्याला ते उराझाइशिकी म्हणतात. ही युक्ती जाकुचूची नव्हे. बौद्ध देवतांच्या जुन्या रेशमी चित्रांत ती शतकानुशतकं वापरात होती. पण कोंबडे, चिमण्या आणि किडलेली पानं रंगवताना तिचा इतका कस कुणी क्वचितच लावला असेल.

यासाठी लागणारं रेशीम साडीचं नव्हे. चित्राचं रेशीम कच्च्या धाग्याचं, साध्या विणीचं आणि इतकं विरळ असतं की पलीकडचं दिसतं. ते लाकडी चौकटीवर चारही बाजूंनी ताणून चिकटवतात. मग त्यावर सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात फिरवतात. हे केलं नाही तर शाई धाग्याधाग्यातून पसरत जाते. तुरटी जास्त झाली तर कालांतराने कापड ठिसूळ होतं, कमी झाली तर रंग फुटतो. प्रमाण ऋतूप्रमाणे, हवेतल्या ओलाव्याप्रमाणे बदलावं लागतं. कच्चं रेखाटन वेगळ्या कागदावर आधीच तयार असतं. तो कागद चौकटीखाली धरायचा आणि आरपार दिसणाऱ्या रेघा वरून गिरवायच्या. इथे चुकलेली रेघ खोडता येत नाही. तैलचित्रकार चुकलेल्या जागी पुन्हा रंग थापू शकतो. रेशमावरच्या चित्रकाराला ती सोय नाही, म्हणून त्याचा निम्मा विचार कुंचला उचलायच्या आधीच झालेला असतो.

रंगांचं सामान पाहिलं तर आपल्याकडच्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटेल. लालासाठी हिंगूळ. गडद किरमिजीसाठी किड्यांपासून मिळणारा रंग. हिरव्यासाठी मॅलाकाइट आणि निळ्यासाठी ऍझुराइट, दोन्ही तांब्याची खनिजं. पिवळ्यासाठी माती किंवा झाडाचा डिंक. काळ्यासाठी काजळीची शाई. आणि पांढऱ्यासाठी कालवांचे शिंपले. या पांढऱ्याला गोफुन म्हणतात. शिंपले वर्षानुवर्षं उघड्यावर ऊनपाऊस खात पडू देतात, मग दळतात, पाण्यात निथळून त्यातला बारीक भाग वेगळा करतात. क्योतोजवळच्या उजी शहरात हा रंग अजून बनतो.

खनिजांच्या रंगाची एक गंमत अशी की छटा दळण्यावर ठरते. तोच ऍझुराइट जाडसर दळला तर गडद निळा, बारीक दळला तर आभाळी, आणखी बारीक केला तर जवळजवळ पांढुरका. छटा फिकी करायला पांढरा मिसळायची गरज नाही, दगडच जास्त वेळ दळायचा. अशी पूड आपणहून कापडाला चिकटत नाही. त्यासाठी सरस लागतो, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला. तो रात्री भिजत घालायचा, मंद आचेवर विरघळवायचा आणि पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत बोटाने पुडीत मळायचा. उन्हाळ्यात तो पटकन नासतो आणि वासही मारतो. संग्रहालयाच्या काचेआडच्या मोराकडे बघताना हा वास कुणाच्या मनात येत नाही, पण कार्यशाळेत तो रोजचाच.

फुलं आणि पक्षी यांच्या चित्रांना जपानीत काचोगा म्हणतात. कीटक, मासे, वेली यांनाही त्यात जागा असते. परंपरा मूळची चीनची. दहाव्या शतकात तिथे हुआंग छुआन आणि शू शी या दोन चित्रकारांपासून दोन वळणं पडली, एक रेखीव आणि दरबारी, दुसरं मोकळं. बाराव्या शतकाच्या आरंभी राज्य करणारा सम्राट हुइझोंग स्वतः उत्तम पक्षी रंगवायचा. राज्य त्याला सांभाळता आलं नाही हा भाग वेगळा. जपानमध्ये कानो घराण्याने हा प्रकार किल्ल्यांच्या आणि मठांच्या सरकत्या दारांवर नेला. 1731 मध्ये शेन नानपिन हा चिनी चित्रकार नागासाकीला आला आणि 1733 पर्यंत राहिला. बाहेरच्या जगाला जवळजवळ बंद असलेल्या देशात त्याच्या बारीक कामाचा मोठा बोलबाला झाला आणि त्याच्या शिष्यांकडून ती पद्धत क्योतोपर्यंत पोहोचली.

या चित्रांत ऋतू चुकवून चालत नाही. घरातल्या तोकोनोमा या कोनाड्यात चित्र टांगायचं ते त्या त्या महिन्याचं. बहर ओसरला की चित्र गुंडाळून लाकडी पेटीत जातं आणि दुसरं येतं. त्यामुळे रेशमी चित्र वर्षातले थोडेच दिवस उजेड बघतं, आणि अडीचशे वर्षांपूर्वीचा लाल आजही लाल राहतो, त्याला हे एक कारण आहे. शिवाय जोड्या ठरलेल्या: पाइनसोबत क्रौंच म्हणजे दीर्घायुष्य, पिओनी म्हणजे वैभव, मँडरिन बदकांची जोडी म्हणजे सुखाचा संसार. बहुतेक चित्रकार या जोड्या पाठ करून त्यावरच आयुष्य काढत. त्यांची चित्रं देखणी असतात आणि दहा बघितली की अकरावं बघवत नाही.

जाकुचू त्या वाटेने गेला नाही, आणि तो कुठल्या घरात जन्मला याचा त्याच्याशी संबंध असावा. 1716 मध्ये क्योतोच्या निशिकी बाजारात एका घाऊक भाजीव्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला, थोरला मुलगा. निशिकी बाजार अजून आहे: जेमतेम चारशे मीटरची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना मासे, लोणची, भाज्या. जमिनीखालचं थंड पाणी विहिरींतून मिळत असे म्हणून माल टिकायचा, म्हणून बाजार तिथे वसला. वडील गेले तेव्हा जाकुचू तेविशीत होता. दुकान त्याच्याकडे आलं, पण धंद्यात लक्ष नव्हतं. दारू नाही, गाणंबजावणं नाही, लग्न तर केलंच नाही. चाळिशीच्या सुमारास, 1755 मध्ये, गल्ला धाकट्या भावाच्या हवाली करून तो मोकळा झाला. पैशाची ददात नव्हती. महागातली महाग खनिजं आणि उत्तम रेशीम तो घेऊ शकत होता, आणि गिऱ्हाइकाच्या आवडीचं काही रंगवायची त्याच्यावर वेळ नव्हती. प्रतिभेच्या गोष्टी सांगताना ही बाजू बहुतेक वेळा गाळली जाते.

त्याच्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं दायतेन या झेन भिक्षूमुळे. शोकोकु-जी या मोठ्या मठातला हा विद्वान त्याचा जिवलग मित्र. त्याने लिहून ठेवलं आहे की जाकुचू आधी कानो पद्धत शिकला, मग क्योतोच्या मठांतली जुनी चिनी चित्रं उतरवून काढली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण दुसऱ्याने रंगवलेलं पुन्हा रंगवतो आहोत. खरी वस्तू समोर हवी. पण क्रौंच, मोर रोज कुठून आणणार? कोंबड्या मात्र आणता येतात. त्याने अंगणात काही डझन कोंबड्या पाळल्या आणि कितीतरी वर्षं त्यांचीच चित्रं काढली. मग इतर पक्षी, झाडं, किडे, मासे. बाजारात भाजून खाण्यासाठी विकायला आणलेल्या चिमण्या विकत घेऊन त्याने अंगणात सोडल्याचंही दायतेन सांगतो.

सुमारे 1757 पासून पुढच्या दहाएक वर्षांत जाकुचूने ‘दोशोकु साइए’ ही 30 रेशमी चित्रांची मालिका पुरी केली. सुरुवातीचा पांढरा फिनिक्स याच मालिकेतला. प्रत्येक चित्र साधारण 142 सेंटिमीटर उंच आणि 79 रुंद. यातले कोंबडे बघितले की अंगणातल्या त्या वर्षांचा हिशेब लागतो. एका चित्रात तेरा कोंबड्या एकमेकांत इतक्या दाटीने मिसळल्या आहेत की कुठलं शेपूट कुणाचं हे शोधत बसावं लागतं. प्रत्येकीच्या अंगावरची नक्षी वेगळी, लाल तुरे सगळ्या चित्रभर विखुरलेले. सखोल अंतर नाही, जमीन जवळजवळ नाही, सगळं एकाच पातळीवर येऊन आदळतं. दुसऱ्या चित्रात एकच काळा झुंजीचा कोंबडा, भोवती नांदिना झुडपाच्या लाल फळांचे घोस. त्या तुऱ्याजवळ डोळा नेला तर सपाट लाल दिसत नाही. लालावर आणखी लाल ठिपके उठवलेले, खडबडीत, हात लावला तर बोटाला लागतील असे. याला निसर्गाची नक्कल म्हणायला मी तयार नाही. खरा कोंबडा इतका ठळक दिसत नाही. वर्षानुवर्षं बघितलेले शंभर कोंबडे एका कोंबड्यात कोंबले की असा दिसेल.

1759 च्या ‘शरदातली कांगणी आणि चिमण्या’ या चित्रात चिमण्यांचा थवा पिकलेल्या कणसांवर तिरपा उतरतो आहे. सगळ्या तपकिरी, एकच पांढरी. ती एक बदलली की थव्याला लय येते. त्याच वर्षीच्या बर्फातल्या मँडरिन बदकांच्या चित्रात नर काठावर एका पायावर उभा आहे आणि मादीने डोकं पाण्यात खुपसलेलं आहे. सुखी संसाराची ठरलेली जोडी, पण दोघांची तोंडं भलतीकडे. आजन्म अविवाहित माणसाचा हा खट्याळपणा आहे की त्याने खरी बदकं अशीच पाहिली, हे ज्याने त्याने ठरवावं. त्या चित्रातला बर्फ मात्र मुद्दाम जवळून बघण्यासारखा. गोफुनचे शिंतोडे रेशमाच्या पुढच्या बाजूलाही आहेत आणि पाठीवरही. पुढचे ठिपके टळटळीत, मागचे कापडातून गाळून आलेले, मऊ. म्हणून काही बर्फ आपल्यासमोर पडतो आणि काही लांब, हवेत. दूरचं लहान आणि जवळचं मोठं काढण्याच्या युरोपी रीतीची इथे गरजच पडली नाही.

तळ्याकाठच्या किड्यांच्या चित्रात भोपळ्याच्या वेलीखाली डझनावारी जीव जमले आहेत: साप, कोळी, टोळ, फुलपाखरं, बेडूक आणि एका दिशेने निघालेली बेडकांची पिल्लं. पानं किडलेली आहेत. पानाला भोक पडलं की त्याच्या कडेला तपकिरी करपट रेघ येते, ती प्रत्येक भोकाभोवती वेगळी काढली आहे. भाजीच्या व्यापाऱ्याच्या मुलाला किडलेलं पान नीट माहीत असणार, आणि दुकानात ज्यामुळे भाव पडतो त्याच पानावर इथे सर्वांत जास्त मेहनत घेतली आहे. माशांच्या चित्रात अष्टपाद आहे आणि त्याच्या एका भुजेला त्याचं इवलंसं पिल्लू बिलगलेलं आहे. त्याच चित्रात खालच्या कोपऱ्यातला निळा मासा डागडुजीच्या वेळी गाजला. तपासणीत त्याचा निळा ऍझुराइट नव्हता. तो प्रशियन ब्लू होता, अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये रसायनांपासून बनलेला रंग. डच जहाजांतून नागासाकीला येणारा हा दुर्मीळ माल जाकुचूच्या हाती 1766 च्या सुमारास होता. होकुसाइची जगप्रसिद्ध लाट याच निळ्याने छापली गेली ती 1831 च्या आसपास, म्हणजे पासष्ट वर्षांनी. आणि हा नवा निळा जाकुचूने खर्चला कुठे? मोरावर नाही, आकाशावर नाही, तर कोपऱ्यातल्या एका माशावर.

ही चित्रं विकण्यासाठी नव्हतीच. 1765 मध्ये त्याने तोवर झालेली 24 चित्रं आणि बुद्ध व दोन बोधिसत्त्वांची तीन मोठी चित्रं शोकोकु-जी मठाला वाहिली. उरलेली सहा नंतर. त्या तीन मोठ्या चित्रांपैकी मधल्यात शाक्यमुनी बुद्ध, एका बाजूला सिंहावरचा मंजुश्री आणि दुसऱ्या बाजूला हत्तीवरचा समंतभद्र. वर्षातल्या विधीच्या दिवशी या तिघांच्या दोन्ही बाजूंना कोंबडे, मासे, शंख, किडे सगळे रांगेने टांगले जायचे. बुद्धाच्या सभेला साप आणि गोगलगायही हजर. एकेक चित्र सुटं पाहिलं तर ती कुशल कारागिरी वाटते. ही मांडणी डोळ्यांपुढे आणली की किडलेल्या पानाला एवढा मान का, ते कळतं. त्याच 1765 साली त्याचा एक भाऊ वारला होता, आणि मठात आईवडिलांसाठी व स्वतःसाठी प्रार्थना होत राहाव्यात ही त्याची इच्छा होती.

दुकान सोडलं तरी बाजाराने त्याला सोडलं नाही. 1771 मध्ये प्रतिस्पर्धी बाजाराच्या खटपटीमुळे निशिकी बंद पडायची वेळ आली. तेव्हा गल्लीतला ज्येष्ठ म्हणून जाकुचूने कुंचले बाजूला ठेवून कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि 1774 मध्ये परवानगी परत मिळवली. 1788 च्या आगीत क्योतोचा मोठा भाग जळाला, त्यात त्याचं घरही गेलं. पुढे तो फुशिमीकडे सेकिहो-जी मठाजवळ राहिला आणि तांदळाच्या एका मापाला एक चित्र अशा बोलीवर जगला. भाज्यांचं एक महापरिनिर्वाण त्याने कागदावर शाईने काढलं आहे, ते उतारवयातलं मानतात. मध्ये उलट्या टोपलीवर आडवा पडलेला मुळा हा बुद्ध, आणि भोवती शोक करणारे भोपळे, वांगी, गाजरं. अजिंठ्याच्या 26 व्या लेण्यात कुशीवर पहुडलेला बुद्ध आणि खाली रडणारे शिष्य ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. हसू येतं, पण त्यात थट्टा नाही.

तो 1800 मध्ये वारला. मेइजी काळात बौद्ध मठांचे हाल झाले, जमिनी गेल्या. 1889 मध्ये शोकोकु-जीने ही 30 चित्रं राजघराण्याला दिली आणि त्याबदल्यात मिळालेल्या दहा हजार येनवर मठाने तग धरला. बुद्ध आणि बोधिसत्त्वांची तीन चित्रं मठातच राहिली. मग विसाव्या शतकाचा मोठा काळ जाकुचू विक्षिप्त म्हणून बाजूला पडला. 1953 मध्ये जो प्राइस या तरुण अमेरिकनाने न्यूयॉर्कच्या एका दुकानात जाकुचूची द्राक्षवेल पाहिली आणि चित्रकाराचं नावही माहीत नसताना ती विकत घेतली. 1970 मध्ये कलाइतिहासकार त्सुजी नोबुओ यांचं अशा विक्षिप्त चित्रकारांवरचं पुस्तक आलं, 2000 मध्ये क्योतोत मोठं प्रदर्शन भरलं, आणि मग लोंढाच सुटला. 2007 मध्ये 33 चित्रं शोकोकु-जीत पुन्हा एकत्र टांगली गेली. 2012 मध्ये वॉशिंग्टनला, जपानने भेट दिलेल्या चेरीच्या झाडांच्या शताब्दीनिमित्त, सगळी 30 पहिल्यांदा देशाबाहेर गेली, तीही जेमतेम महिनाभर. 2016 मध्ये तोक्योतल्या प्रदर्शनाला 31 दिवसांत 4 लाख 46 हजार माणसं आली आणि काही दिवशी रांगेत पाच तासांहून जास्त उभी राहिली. सरकारने मालिकेला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला तो त्याही नंतर, 2021 मध्ये. लोक आधी, सरकार मागून.

या सगळ्या गर्दीत ज्यांचं नाव कुणी घेत नाही ते म्हणजे चित्राला अस्तर लावणारे कारागीर. उराझाइशिकीच्या चित्रात अस्तराचा कागद किती गडद असावा यावर पुढचा रंग ठरतो. फिकट कागद लावला तर फिनिक्सचं सोनं पितळ होईल. म्हणजे दर वेळी अस्तर बदलताना चित्राच्या रंगाबद्दलचा एक निर्णय चित्रकार सोडून दुसऱ्याच कुणाच्या हाती असतो. चिकटवण्यासाठी ते गव्हाची खळ वापरतात. काही थरांसाठी तर ती खळ माठात भरून दहाएक वर्षं मुरवलेली असते, आणि इतक्या दिवसांनी तिचा चिकटपणा जवळजवळ संपलेला असतो. मग कागद नीट बसावा म्हणून त्यावर जाड कुंचल्याने ठोकत राहावं लागतं. एवढा खटाटोप करून कमजोर खळ कशाला, तर गुंडाळताना चित्र कडक पडू नये आणि शंभरेक वर्षांनी पुढच्या कारागिराला पाण्याचा हात फिरवून अस्तर सोडवता यावं. जाकुचूचा मागचा रंग 1999 नंतर कुणाला पाहता आला तो या खळीमुळेच.